एम.डी.ची प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा: तयारी कशी करावी, प्रसंग कसा निभवावा

एम.डी.च्या चार लेखी प्रश्नपत्रिका संपल्या की बहुतेक निवासी डॉक्टरांच्या डोक्यावरचे ओझे उतरते आणि मग व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) तारखेपर्यंतचे दिवस पुन्हा त्याच जाड ग्रंथांची पाने उलटण्यात जातात. ही गोष्ट मला फार खटकते. लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्ही विभागांत स्वतंत्रपणे किमान 50 टक्के गुण मिळवावे लागतात; एकातली तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही. शिवाय प्रात्यक्षिकात वाचलेले किती आठवते यापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून तुम्ही कसा विचार करता आणि तो मोजक्या शब्दांत कसा मांडता, हे पाहिले जाते. ही परीक्षा बोलण्याची आहे, म्हणून तिची तयारीही बोलूनच करावी लागते, आणि ती तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सुरू व्हायला हवी.

पुढे जे लिहिले आहे ते जनरल मेडिसिन हा विषय धरून लिहिले आहे, परंतु बालरोग, छातीरोग किंवा शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा असो की अन्य विद्यापीठाची, ठेवण साधारण एकच असते: एक लाँग केस (एका रुग्णाचा सविस्तर इतिहास आणि पूर्ण तपासणी), काही शॉर्ट केस (रुग्णाची थोडक्यात, नेमकी तपासणी) आणि शेवटी टेबल व्हायवा (टेबलाशी बसून तोंडी प्रश्न). परीक्षक चार असतात, त्यांतले दोन बाहेरच्या संस्थांतून आलेले असतात. वेळ आणि गुणांची विभागणी विषयानुसार बदलते. ती आपल्या विभागात विचारून आधीच वहीत लिहून ठेवावी.

कोणत्या केस येतात, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. परीक्षेसाठी ठेवलेला रुग्ण स्थिर असावा लागतो, त्याला काही तास बसवता-निजवता आले पाहिजे आणि त्याच्या अंगावर तपासून सापडतील अशी चिन्हे असली पाहिजेत. त्यामुळे ताजा हार्ट अटॅक परीक्षेला येत नाही. येतात ते झडपांचे विकार, लिव्हर सिऱ्हॉसिस आणि पोटातले पाणी, अर्धांगवायू, दोन्ही पायांतली ताकद गेलेले रुग्ण, फुप्फुसाच्या आवरणातले पाणी, जुना दमा, वाढलेली प्लीहा आणि रक्तक्षय. विदर्भात किंवा नंदुरबारकडच्या पट्ट्यात शिकणाऱ्यांनी यात सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) भर घालावी. हे मोजके विषय इतके खोल करावेत की कोणत्याही टोकाने प्रश्न आला तरी तुम्ही मधोमध उभे असाल.

सराव करताना वॉर्डातला असा रुग्ण निवडावा, ज्याचा केसपेपर आणि रिपोर्ट तुम्ही पाहिलेले नाहीत. घड्याळ लावून पाऊण तास घ्यावा: साधारण वीस मिनिटे इतिहासाला, पंधरा तपासणीला आणि शेवटची दहा मिनिटे फक्त विचार करून निष्कर्ष लिहायला. ही शेवटची दहा मिनिटे कोणत्याही कारणाने खर्च करू नयेत, कारण परीक्षक समोर आल्यावर विचार सुरू करणारा उमेदवार पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. त्यानंतर एखाद्या लेक्चररसमोर किंवा सहकाऱ्यासमोर उभे राहून पूर्ण केस मांडावी आणि त्याने मध्येच तोडून प्रश्न विचारावेत, असे आधीच सांगून ठेवावे. आठवड्यातून एक अशी केस वर्षभर झाली, तर परीक्षेचा दिवस परका वाटत नाही. कोणी मोकळे नसेल तर रुग्णाचे नाव न घेता स्वतःचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. रुग्णाशी आपण मराठीत बोलतो आणि परीक्षकासमोर तेच इंग्रजीत मांडतो, त्यामुळे लक्षणांचा कालक्रम अनेकदा याच वाटेवर विस्कटतो. ऐकताना तिकडे विशेष लक्ष द्यावे.

आता एक केस जवळून पाहू. पस्तीस वर्षांच्या शेतमजूर मावशी आहेत. तीन वर्षांपासून चालताना दम लागतो, सहा महिन्यांपासून छातीत धडधडते, आठ दिवसांपासून पायांवर सूज आहे. तपासणीत नाडी पूर्णपणे अनियमित, पहिला हृदयध्वनी मोठा, ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाचा टिचकीसारखा आवाज) आणि हृदयाच्या टोकापाशी खर्जातला डायस्टॉलिक मर्मर (हृदय सैलावताना ऐकू येणारी घरघर). येथे ‘मायट्रल स्टेनोसिस’ (हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद होणे) एवढेच म्हणून थांबणे पुरेसे नाही. निदान पूर्ण सांगावे: कारण बहुधा ऱ्हुमॅटिक (ऱ्हुमॅटिक तापामुळे झालेले), झडप मायट्रल, विकार स्टेनोसिस, तीव्रता अमुक, लय एट्रियल फिब्रिलेशन (एट्रियम, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, नीट आकुंचन न पावता थरथरणे), हृदय निकामी होण्याची चिन्हे आहेत, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याची चिन्हे आहेत किंवा नाहीत, एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग) किंवा एम्बोलिझमचा (गुठळी वाहत जाऊन रक्तवाहिनी अडण्याचा) पुरावा नाही, आणि दम कोणत्या श्रेणीचा आहे. असे एक वाक्य तयार असले, की पुढचे बहुतेक प्रश्न त्याच वाक्यातून निघतात आणि त्यांची दिशा तुमच्या हाती राहते.

याच केसमध्ये पुस्तकातले वर्णन पाठ केलेला उमेदवार हमखास पकडला जातो. मर्मर सांगताना तो सवयीने ‘प्रीसिस्टॉलिक ॲक्सेंच्युएशनसह’ (पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी मर्मर मोठा होतो) असे जोडतो. पण नाडी एट्रियल फिब्रिलेशनची आहे असे त्याने दोन मिनिटांपूर्वीच सांगितलेले असते, आणि एट्रियमचे आकुंचनच नीट होत नसेल तर ते ॲक्सेंच्युएशन सहसा ऐकू येत नाही. परीक्षकाला एवढ्यावरून कळते की कान स्टेथोस्कोपला नव्हते. म्हणून ऐकले तेवढेच सांगावे, आणि सांगण्यापूर्वी आपली सगळी निरीक्षणे एकमेकांशी जुळतात का, हे त्या राखीव दहा मिनिटांत तपासावे. नाडी अनियमित असेल तर हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने आणि नाडीचे ठोके बोटांनी पूर्ण एक मिनिट मोजून फरक सांगावा. तो प्रश्न येणारच असतो.

तीव्रता कशावरून ठरवली, असे विचारले जाईल. उत्तर मर्मर किती मोठा आहे यावरून नव्हे, तर तो किती लांबतो आणि दुसऱ्या ध्वनीनंतर ओपनिंग स्नॅप किती लवकर येतो यावरून द्यावे. उपचारांतही क्रम दिसू द्या: ठोक्यांचा वेग आटोक्यात आणणे, सूज उतरवणे, रक्त पातळ ठेवणे, ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा होऊ नये म्हणून पेनिसिलिन, आणि मग झडप फुग्याने उघडण्याचा विचार; त्याआधी डाव्या एट्रियममध्ये गुठळी नाही आणि झडप फारशी गळत नाही, हे पाहणे. रक्त पातळ ठेवायला नवी औषधे का नकोत, असा प्रश्न आला तर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासाचा आधार द्यावा: ऱ्हुमॅटिक हृदयविकार असलेल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांत रिव्हरॉक्सॅबान या नव्या औषधापेक्षा वॉरफेरिनच्या गटातल्या जुन्या औषधांचा परिणाम चांगला दिसला. वाचनाचा उपयोग असा, घेतलेल्या निर्णयाच्या पाठीशी असावा. सुटी नावे आणि आकडे फेकण्याने काही साधत नाही.

तपासणीइतकेच रुग्णाशी असलेले वागणेही पाहिले जाते, आणि ते तसे पाहिले जावे असेच माझे मत आहे. त्या दिवशी त्याच मावशींना अनेक जण तपासतात, पुन्हा पुन्हा उठवतात, कूस बदलायला लावतात. नाव विचारून, परवानगी घेऊन, पडदा ओढून, महिला रुग्ण असल्यास परिचारिकेला जवळ बोलावून आणि ‘मावशी, दुखलं तर लगेच सांगा’ असे म्हणूनच हात लावावा. तपासून झाल्यावर पांघरूण नीट करावे. वर्षभर वॉर्डात असे वागणाऱ्याला परीक्षेच्या दिवशी वेगळे काही करावे लागत नाही.

टेबल व्हायवात एक्स-रे, ईसीजी, औषधे, उपकरणे आणि थिसिस यांवर प्रश्न असतात. चित्र दिसले की आधी वर्णन, मग निदान, हा नियम बरोबर आहे. मात्र जिवावर बेतणारी स्थिती दिसत असेल तर ती आणि पहिला उपाय आधी सांगावा. टोकदार टी-लहरी आणि रुंदावलेला क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लहर) असलेला ईसीजी हातात आला, तर ‘पोटॅशियम धोकादायक वाढलेले दिसते, मी लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट देईन’ हे आधी, आणि लीडनिहाय वर्णन नंतर. उपकरणांबाबत नाव, कधी वापरावे, कधी वापरू नये आणि काय बिघडू शकते एवढे पक्के असावे. लंबर पंक्चरची (कमरेच्या मणक्यांतून द्रव काढण्याची) सुई समोर असताना डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा आधी पाहिल्याचा उल्लेख राहून गेला, तर बाकीचे उत्तर कितीही चांगले असले तरी फिके पडते. थिसिसविषयी नमुनासंख्या एवढीच का घेतली आणि अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या, या दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत तयार ठेवावीत.

उत्तर येत नसेल तर ‘सर, हे मला नक्की सांगता येणार नाही’ असे स्पष्ट म्हणावे आणि त्या परिस्थितीत रुग्णासाठी काय कराल, कोणाला बोलवाल, ते सांगावे. अंदाजाने डोस सांगणे हे अज्ञानापेक्षा वाईट समजले जाते, आणि ते योग्यच आहे. दुर्मीळ आजाराचे नाव उच्चारण्यापूर्वी थांबावे, कारण तुम्ही जो शब्द उच्चाराल त्यावरच पुढचा प्रश्न येणार असतो. प्रश्न अधिकाधिक कठीण होत चालले, तर घाबरू नये. सोप्या प्रश्नांची उत्तरे नीट आल्यावरच बहुतेक परीक्षक पुढची पायरी चढतात. परीक्षकाने ‘नक्की का?’ असे विचारले, तर लगेच उत्तर बदलू नये. कारण पुन्हा तपासावे, ते टिकत असेल तर शांतपणे मांडावे आणि टिकत नसेल तर सरळ दुरुस्ती करावी. एक केस बिघडली तरी ती तेथेच सोडून पुढच्या टेबलाकडे जावे, कारण पुढचे गुण अजून कोणीही दिलेले नसतात.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, परीक्षा देणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी एक वेगळी सूचना आहे. तेथील शल्यचिकित्सेच्या बोर्डाच्या तोंडी परीक्षेत तीस-तीस मिनिटांच्या तीन बैठका असतात आणि समोर रुग्ण नसतो; परीक्षक प्रसंग सांगतात आणि तुम्ही पुढे काय कराल ते विचारतात. आपल्याकडे चिन्हे शोधण्याची सवय लागलेली असते, तेथे ती मागून घ्यावी लागतात: ‘रक्तदाब किती आहे, पोट कडक आहे का?’ त्यामुळे तो सराव खाटेजवळ न करता दोघांनी समोरासमोर बसून करावा.

परीक्षेच्या आदल्या रात्री ड्यूटी नसावी, यासाठी युनिटमध्ये महिनाभर आधीच बोलून ठेवावे. हॅमर, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, टॉर्च, मोजपट्टी, कापूस आणि चार्ज केलेला ऑफ्थॅल्मोस्कोप एकाच पिशवीत भरून ठेवावा. रात्री सहा-सात तास झोप घ्यावी. पहाटे चारला उठून वाचलेले प्रकरण तसेही बोलताना सुचत नाही. हात थरथरू नयेत म्हणून काही जण प्रोप्रॅनोलॉल घेतात. दमा असणाऱ्यांनी ते घेऊच नये आणि इतरांनीही डॉक्टरांशी न बोलता परीक्षेच्या सकाळी ते पहिल्यांदा घेऊन पाहू नये. आत जाण्यापूर्वी चार-पाच वेळा सावकाश, लांब श्वास सोडावा आणि पहिले वाक्य मुद्दाम हळू बोलावे. पहिल्या वाक्याचा वेग पुढच्या सगळ्या बोलण्याला लागतो.

त्याच संध्याकाळी, निकालाची वाट न पाहता, विचारलेले प्रश्न आणि अडखळलेल्या जागा लिहून काढाव्यात. निकाल विरुद्ध गेला तर ती वही फार उपयोगी पडते: त्यातली कोणती चूक ज्ञानाची होती, कोणती तपासणीची आणि कोणती मांडणीची, हे विभागातल्या एखाद्या विश्वासू शिक्षकाबरोबर बसून वेगळे करावे, कारण तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळी असते. तपासणी कच्ची असेल तर वॉर्डात परतावे, मांडणी कच्ची असेल तर श्रोते शोधावेत. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांशी आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. सहकारी असा गप्प झालेला दिसला, तर त्याच्या खोलीचे दार तुम्ही ठोठवावे आणि हा क्रमांक त्याच्यासोबत बसून लावावा.