सी प्रोग्राममध्ये प्रोटोकॉलची माहिती शोधताय? या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेत संध्याकाळी माझ्याकडे काही मुलं नेटवर्क प्रोग्रामिंग शिकायला येतात. परवा एकीने ‘गेटप्रोटोबायनेम’ला (प्रोटोकॉलचं नाव दिलं की त्याचा ठरलेला आकडा देणारं सी फंक्शन) आधी ‘टीसीपी’ विचारलं, मग ‘यूडीपी’, आणि दोन्ही उत्तरं दोन पॉइंटरमध्ये ठेवून शेवटी छापली. टीसीपीचा 6 आणि यूडीपीचा 17 यायला हवा होता. आले 17 आणि 17. कूलरच्या घरघरीत दीड तास ती छापायची ओळ तपासत बसली होती, आणि चूक तिथे नव्हतीच.

हे फंक्शन जे स्ट्रक्चर (नाव आणि आकडा एकत्र ठेवणारी रचना) देतं, ते लायब्ररीचं असतं. शाळेत गुरुजींकडे एकच पाटी असावी, तसं. नवा प्रश्न आला की जुनं पुसून तिथेच नवं लिहितात. दोन पॉइंटर म्हणजे त्या एकाच पाटीकडे दाखवणारी दोन बोटं. म्हणून आकडा हाती आला की लगेच आपल्या इंट व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या. नाव हवं असेल तर नुसतं स्ट्रक्चर कॉपी करून भागत नाही, कारण आतला नावाचा पॉइंटर जुन्याच जागेकडे बघत राहतो. अक्षरं स्वतः कॉपी करा. आणि त्या पॉइंटरवर मेमरी मोकळी करणारं ‘फ्री’ चालवू नका, ती जागा तुमची नाही. प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे थ्रेड असतील तर हाच घोळ कधीतरीच दिसतो, म्हणून जास्त छळतो. लिनक्सवर जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीत नावापुढे ‘अंडरस्कोर आर’ असलेलं रूप आहे, त्यात बफर, म्हणजे उत्तर ठेवायची जागा, तुम्ही देता. बफर अपुरा पडला तर ते ‘ईरेंज’ हा एरर कोड परत करतं. मोठा बफर देऊन पुन्हा विचारा.

दुसरी चूक नल, म्हणजे काही सापडलं नाही असं सांगणारा रिकामा पॉइंटर, न तपासण्याची. लॅपटॉपवर छान चालणारा प्रोग्राम कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा चालवायच्या बंदिस्त जागेत) गेला की सेगमेंटेशन फॉल्ट देऊन बंद पडतो. कारण बहुतेक वेळा साधं असतं: ही माहिती ‘इटीसी’मधल्या ‘प्रोटोकॉल्स’ फाइलमधून येते आणि डेबियन लिनक्सच्या छोट्या कंटेनर इमेजमध्ये ती फाइलच नसते. ‘नेटबेस’ पॅकेज टाकलं की येते. नल आल्यावर एरर छापणाऱ्या ‘पीएरर’चा संदेश मात्र खरा धरू नका, इथे एर्नो (एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) भरलेला असेलच असं नाही.

अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सची गोष्ट वेगळी. तिथली मसल ही सी लायब्ररी ती फाइल उघडतच नाही, तिची यादी आतच असते आणि उपनावं त्यात नाहीत. त्यामुळे मोठ्या लिपीतलं (कॅपिटल अक्षरांतलं) ‘टीसीपी’ डेबियनवर उपनाव म्हणून सापडतं, अल्पाइनवर नल येतो. नेहमी छोट्या लिपीत विचारा.

‘एचटीटीपी’ इथे शोधू नका, ती सर्व्हिस आहे, त्यासाठी ‘गेटसर्व्हबायनेम’. तिथला पोर्ट नेटवर्कच्या बाइट क्रमात येतो, म्हणून तो आपल्या मशीनच्या क्रमात आणणारं ‘एनटीओएचएस’ लागतं. तीच सवय प्रोटोकॉलच्या आकड्यावर चालवली तर आपल्या नेहमीच्या इंटेल मशीनवर 6 चे 1536 होतात. तो आकडा आहे तसाच वापरा.

आणि प्रोग्रामला फक्त टीसीपीच लागणार असेल, तर ‘आयपीप्रोटो टीसीपी’ हा तयार स्थिरांक थेट लिहा. शोधायची गरजच नाही.