गावच्या कॉम्प्युटरला रिमोट लागत नाही? आधी कुठे बघायचं

मी पुण्यात, आईबाबा रत्नागिरीजवळच्या गावात, त्यामुळे प्रिंटर चालत नाही, बिल भरायचंय, मेलमधला फॉर्म उघडत नाही, हे सगळं मी इथे बसून एनीडेस्कवरून, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर बघून चालवायच्या ॲपवरून, करून देतो आणि ते न लागण्याची बरीचशी कारणं आता बघून झालीत. एकच सांगतो, ॲप काढून परत टाकायच्या आधी गडबड नक्की कुठे आहे ते शोधा, तुमच्याकडे, त्यांच्याकडे की मधल्या वाटेत. नाहीतर फोनवर तासभर जातो आणि समोरचं माणूस बिचारं "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणून ओशाळतं.

सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे हॉटस्पॉट. आधी तुमचा लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टाकून बघा, लागलं तर तुमच्या वायफायमध्ये काहीतरी अडतंय. नाही लागलं तर तिकडचा कॉम्प्युटर त्यांच्या मोबाईलच्या नेटवर टाकायला सांगा. वायफाय अडवतं ते बहुधा पोर्ट, म्हणजे ॲपला ये-जा करायचे नंबर दिलेले दरवाजे: एनीडेस्क ८०, ४४३ आणि ६५६८ हे पोर्ट वापरतं, टीमव्ह्यूअर हे तसलंच दुसरं ॲप आधी ५९३८ बघतं आणि ते बंद असेल तर ४४३ किंवा ८० वर येतं. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर ही ॲप बऱ्याचदा मुद्दाम बंद केलेली असतात, तिथे पळवाट शोधू नका, तिथल्या आयटीवाल्याला सरळ विचारा.

आता बाबांचा किस्सा, कारण यात माझे दोन दिवस गेले. नेट चालू, राउटरचे लाईट बरोबर, आणि एनीडेस्कमध्ये त्या कॉम्प्युटरचा नंबरच येईना, जो मला टाकून तिकडे जोडायचं असतं. मी ॲप परत टाकायला लावलं, राउटर बंदचालू करायला लावला, काही नाही. मग बाबा सहज म्हणाले की बँकेची साईटपण उघडत नाहीये, काहीतरी सुरक्षित नाही असं येतंय. तेव्हा डोक्यात आलं आणि म्हटलं, "बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ आहे ना, तिथली तारीख जशी आहे तशी वाचा." म्हणाले, "१ जानेवारी २०१५." झालं! तारीख इतकी मागे असली की समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, कॉम्प्युटरला खोटं वाटतं आणि सुरक्षित कनेक्शन होतच नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की लाईट गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते कोकणातल्यांना सांगायला नको. तारीख हाताने बरोबर केली, लगेच नंबर आला. नंतर गावी गेलो तेव्हा प्लग काढून सेल बदलला. तेव्हापासून मी फोनवर सगळ्यात आधी तारीखच विचारतो.

दुसरी गोष्ट, नंबर येतो, कनेक्ट होतं, पण काळी स्क्रीन किंवा नुसतं थांबून राहतं. बऱ्याचदा तिकडे विंडोजने "परवानगी देऊ का" असा डबा उघडलेला असतो आणि ॲप इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर तो डबा तुम्हाला दिसतच नाही. समोरच्याला होय दाबायला सांगा, किंवा एनीडेस्कच्या मेनूतून ॲडमिनची परवानगी मागा, किंवा सरळ इन्स्टॉल करून टाका. मॅक असेल तर सेटिंगमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन्ही परवानग्या द्याव्या लागतात, पहिली नसेल तर नीट दिसत नाही, दुसरी नसेल तर दिसतं पण माउस हलत नाही. आणि थोडा वेळ कोणी हात लावला नाही की ऑफलाइन जात असेल तर कॉम्प्युटर झोपतोय, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "कधीच नाही" करा. अडखळत असेल तर तिकडचा अपलोड स्पीड बघा, चित्र तिकडून इकडे येतंय त्यामुळे तुमचा डाउनलोड कितीही असून उपयोग नाही, क्वालिटी कमी करा आणि वॉलपेपर बंद ठेवा.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप हा वेगळाच प्रकार आहे. एनीडेस्कमध्ये दोन्ही कॉम्प्युटर आपणहून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटतात म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही. रिमोट डेस्कटॉपला मात्र बाहेरून थेट आत यायचं असतं, पोर्ट ३३८९. पहिलं म्हणजे समोर विंडोज होम असेल तर विषयच संपला, त्यावर बाहेरून येताच येत नाही, प्रो लागतं. दुसरं, तिकडच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बघा आणि तिकडच्याच कॉम्प्युटरवर गुगलवर "माझा आयपी" शोधून येतो तो बघा. दोन वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तिकडच्या इंटरनेट कंपनीने एकच आयपी अनेक घरांना वाटून दिलाय, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणं) कितीही करा, काही होणार नाही. मी एक अख्खा रविवार यात घालवलाय.

आणि आयपी स्वतःचा असला तरी ३३८९ इंटरनेटला उघडा ठेवू नका, कळकळीने सांगतो. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसारख्या सपोर्ट संपलेल्या विंडोजलासुद्धा पॅच दिला होता, एवढं ते गंभीर होतं. त्यापेक्षा दोन्हीकडे टेलस्केल टाका, ते दोन कॉम्प्युटर आपसात खाजगी वाटेने जोडणारं ॲप आहे, एकाच अकाउंटने लॉगिन करा, प्रत्येक कॉम्प्युटरला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, रिमोट डेस्कटॉपमध्ये तो टाका, राउटरला हात लावायची गरज नाही.

ऑफिसच्या व्हीपीएनवाल्यांसाठी, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरणाऱ्यांसाठी, अजून एक. व्हीपीएन लागतो पण ऑफिसमधला १९२.१६८.१.५० या पत्त्याचा कॉम्प्युटर सापडत नाही, कारण घरचा राउटरपण १९२.१६८.१ वालाच आहे आणि लॅपटॉप तो पत्ता घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.७७.१ असा काहीतरी करा, सुटतं.

तात्पुरतं लागलं तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे, कंट्रोल, विंडोज की आणि क्यू एकत्र दाबा. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, समोरच्याला नुसता कोड टाकायचा, तो १० मिनिटांत संपतो, तेव्हा दोघं कॉम्प्युटरसमोर बसल्यावरच कोड काढा.

हे सगळं शिकवताना आईबाबांना एक पक्कं सांगून ठेवा, बँकेतून, वीज कंपनीतून बोलतोय म्हणून कोणी हा एनीडेस्कचा नंबर किंवा कोड मागितला तर फोन ठेवायचा आणि मला लावायचा, पैसे गेलेच तर लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. आमच्याकडे मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय, तिच्यावर माझा नंबर आणि खाली १९३०.