पीएसएचा आकडा आणि लघवीतले रक्त : या चुका टाळा

पुण्यात हल्ली मुले वडिलांच्या साठीला ‘फुल बॉडी चेकअप’ भेट देतात आणि रिपोर्टमध्ये पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शंका दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, आकडा ठळक छापून आला की दुसऱ्या दिवशी अख्खे कुटुंब माझ्यासमोर येऊन बसते. मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना त्याच त्या चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की आता त्या लिहून काढणेच बरे.

लघवीला जळजळ किंवा ताप असताना पीएसए करू नये. जंतुसंसर्गाने हा आकडा सहज वाढतो, म्हणून उपचार संपल्यावर सहा ते आठ आठवडे थांबावे. वीर्यपतनानंतर किंवा सायकलवरून लांब रपेट मारल्यावर दोन दिवस थांबले तरी पुरते.

याहून घातक चूक म्हणजे कमी आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणे, आणि ती मी स्वतः केली आहे. कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी तारीखवार लावलेली फाईल घेऊन आले होते. त्यांचा पीएसए ३.४ होता. गोळ्या कोणत्या चालू आहेत, असे विचारल्यावर ‘फक्त बीपीची’ असे उत्तर मिळाले आणि मी त्यांना निश्चिंत मनाने घरी पाठवले. दीड वर्षाने आकडा ५.९ झाला. तेव्हा काकूंनी पर्समधून एक स्ट्रिप काढली आणि ‘ही यांची रात्रीची लघवीची गोळी, तीन वर्षे चालू आहे’ असे सांगितले. ती प्रोस्टेटची वाढ आटोक्यात ठेवणारी फिनास्टेराइड होती. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणजे माझ्यासमोरचा ३.४ हा खरे तर ६.८ होता. बायॉप्सीत, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कर्करोग निघाला आणि तोवर तो ग्रंथीच्या आवरणाबाहेर आला होता. तेव्हापासून मी फाईल नंतर पाहतो, आधी गोळ्यांचा डबा टेबलावर ओतायला लावतो. केसांसाठी घेतलेली एक मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही त्यात मोजावी, कारण ती ‘औषध’ आहे असे कुणालाच वाटत नाही.

आकडा खरोखर वाढलेला असला तरी लगेच सुई टोचून घेण्याची घाई नको. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ या अभ्यासात ५०० पुरुष होते. आधी एमआरआय केलेल्या गटातल्या २८ टक्के जणांना बायॉप्सी लागलीच नाही, तरीही उपचाराची गरज असलेला कर्करोग या गटात ३८ टक्क्यांमध्ये सापडला, तर थेट बायॉप्सी केलेल्या गटात २६ टक्क्यांमध्ये. ‘एमआरआयचा खर्च वाचवू’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, हे आकडे दाखवतो.

कर्करोग निघाला की मुलगा म्हणतो, ‘डॉक्टर, काढूनच टाका.’ ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासाचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या १६४३ पुरुषांपैकी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख या तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले तीन टक्क्यांच्या आसपासच होते. सौम्य रोगात देखरेख हाही उपचारच आहे. मात्र ‘देखरेख’ म्हणजे तपासण्या बुडवणे नव्हे.

प्रोस्टेटच्या बाबतीत अधीर असलेली हीच माणसे लघवीतून रक्त गेल्यावर मात्र कमालीची सोशीक होतात. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, दोन दिवसांत रक्त थांबते आणि ‘गणपती झाल्यावर बघू’ असे ठरते. न दुखता गेलेले रक्त, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याचे, मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. ते आपोआप थांबते, हाच त्यातला धोका आहे. नुसत्या सोनोग्राफीवर समाधान मानू नये, दुर्बिणीने आत पाहावेच लागते. गाठ काढल्यानंतर गरजेप्रमाणे मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयाची हीच लस आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि मूत्राशयासाठी ती १९७६ पासून वापरात आहे. पण सहा आठवड्यांचे डोस संपले की लोक दुर्बिणीच्या फेरतपासणीला येत नाहीत आणि पुन्हा रक्त दिसल्यावरच उगवतात.

वृषणात न दुखणारी गाठ लागली तर तेल चोळू नये आणि तिथे सुई तर मुळीच घालू देऊ नये. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणाने त्यामुळे शुक्राणू बनणे थांबू शकते, हे लग्नाआधी जाणून घ्यावे. लैंगिक ताठरता कमी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणणाऱ्याने आधी साखर, बीपी आणि हृदय तपासून घ्यावे, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांच्या काही वर्षे आधीच कुरकुरू लागतात.