स्वयंसेवकांच्या बळावर मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प कसा चालवावा

आधी परवाना ठरवा. रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे ठेवतात त्या जागी, परवान्याची फाइल नसेल, तर कोड सगळ्यांना दिसत असूनही तो वापरायचा हक्क कुणाला मिळत नाही. बदल करून पुढे वाटणाऱ्यानेही कोड खुलाच ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल हा परवाना घ्या. कसाही वापरला तरी चालणार असेल तर एमआयटी.

मग रीडमी, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख आणि ते बसवायची कृती सांगणारी फाइल, लिहा आणि ओळखीच्या एखाद्या विद्यार्थ्याला कोऱ्या मशीनवर ते वाचून सॉफ्टवेअर बसवायला सांगा. तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल ती ओळ बदला.

नवख्याची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती, आली की दोन दिवसांच्या आत उत्तर द्या, मग ती एका शब्दाच्या शुद्धलेखनाची का असेना. उत्तर असं असावं: ‘धन्यवाद, बदल बरोबर आहे. पण तारखेची एक टेस्ट आता नापास होते आहे. ती दुरुस्त केलीत की मर्ज करतो, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतो.’ म्हणजे पुढे काय करायचं ते त्याला कळतं. बदल नको असेल तर कारण देऊन स्पष्ट नाही म्हणा. नकार माणूस पचवतो, पण तीन महिने काहीच उत्तर आलं नाही तर तो पुन्हा फिरकत नाही.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे अधिकार वाटून देणं. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी असंख्य लिनक्स मशीनवर असते. तिचा मेन्टेनर, म्हणजे तिची देखभाल करणारा, एकटा, बिनपगारी आणि थकलेला होता. ‘जिया टान’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास कमावला, रिलीजचा, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा, अधिकार मिळवला आणि २०२४ मध्ये त्या लायब्ररीत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, घुसवला. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने लावला म्हणून तो मार्चमध्ये सापडला. त्या मेन्टेनरला दोष द्यावासा मला वाटत नाही. इतकी वर्षं त्याच्या कामावर उभ्या असलेल्यांपैकी फार थोडे त्याच्या मदतीला गेले.

म्हणून थकण्याआधीच माणसं जोडा. आधी इश्यू, म्हणजे आलेल्या तक्रारी आणि सूचना, लावून घ्यायला द्या, मग दुसऱ्यांचा कोड तपासायला, मग मर्ज करायला. रिलीजचा अधिकार सगळ्यात शेवटी द्या आणि त्यावर दोघांची संमती ठेवा. रिलीजची फाइल कुणाच्या लॅपटॉपवर न बनवता रेपोतल्या कोडवरून, सर्वांना पडताळता येईल अशी बनवा. एक्सझेडच्या चोरदरवाजातला कळीचा तुकडा रेपोत नव्हताच, तो रिलीजच्या फाइलमध्ये होता.

वाद होणारच, तेव्हा शेवटचा शब्द कुणाचा हे आधीच लिहून ठेवा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात तो तिचे जनक खीडो व्हान रॉसम यांचा असे. एका नव्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये ते त्या भूमिकेतून बाजूला झाले. पुढची व्यवस्था ठरलेली नव्हती, त्यामुळे पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ २०१९ उजाडल्यावर आलं. डेबियन हा लिनक्सचा प्रकल्प मात्र दरवर्षी नेता निवडतो. लहान प्रकल्पाला चार ओळींची फाइल पुरते.

आणि वर्षातून एकदा दोन आठवडे पूर्ण बाजूला व्हा. त्या काळातली रिलीज दुसऱ्या कुणाला काढू द्या, फोनवरून मदत करू नका. परत आल्यावर काम कुठे अडलं ते विचारा: डोमेनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे होता का, रिलीजवर डिजिटल सही करायची गुप्त किल्ली कुठे ठेवली होती? ते त्याच आठवड्यात सोडवा.