घाम येणारच! कोकणातल्या हवेत निभणारा रोजचा मेकअप

'आशियाई चेहऱ्यासाठी' असं लिहिलेली डबी हातात आली की आधी विचारावं, आशियातला नेमका कुठला चेहरा? बहुतेक वेळा तो सोल किंवा टोकियोचा असतो. कोरियन कुशन फाउंडेशनमध्ये (डबीतल्या स्पंजात मुरवलेलं पातळ फाउंडेशन) 21 आणि 23 हे शेडचे नंबर सगळ्यात जास्त दिसतात, आणि त्यातला गडद समजला जाणारा 23 सुद्धा वेंगुर्ल्या-गुहागरकडच्या बहुतेक चेहऱ्यांवर पांढराफटक पडतो. डोळ्यांचे व्हिडिओ बघावेत, तर त्यातले बरेचसे घडी नसलेल्या पापणीसाठी बेतलेले. आपल्याकडे पापणीला घडी असते, डोळे मोठे आणि बरेचदा खोल, भोवती काळसरपणा, भुवया दाट, ओठांच्या कडा काळपट. वर्ण गोरा असो की सावळा, आत पिवळसर नाहीतर हिरवट झाक असते. वर हवा अशी, की पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. घाम येतो आणि वाळत नाही. त्यामुळे इथे प्रत्येक थर पातळ हवा आणि दुपारी टिपून सावरता येईल असा हवा. जाड थर किनाऱ्यावर दोन तासांत फुटतो.

सनस्क्रीन हाच पहिला थर

चेहरा धुऊन टिपून घ्या. त्वचा तेलकट असेल तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं मॉइश्चरायझर लागतच नाही, सनस्क्रीन पुरतं. कोरडी असेल तर जेल प्रकारचं, वालाच्या दाण्याएवढं.

सनस्क्रीन एसपीएफ (कातडी भाजवणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण) 30 ते 50, पीए (यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण) +++ किंवा ++++. मोजमाप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. एकदम फासलं तर ओघळतं, म्हणून एका बोटावरचं आधी, ते मुरलं की दुसऱ्याचं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलेलं सनस्क्रीन सावळ्या कातडीवर राखाडी दिसतं. त्यावर उपाय म्हणजे रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन. त्यातला रंग आयर्न ऑक्साइडचा असतो आणि तो डोळ्यांना दिसणारा उजेडही काही प्रमाणात अडवतो. गालांवर वांग असेल तर साध्या सनस्क्रीनपेक्षा हेच घ्या, कारण सावळ्या त्वचेवर वांग नुसत्या उजेडानेही गडद होतो. रोज कॉलेज, बँक किंवा बाजार एवढंच असेल तर टिंटेड सनस्क्रीनवर थांबलं तरी चालतं. खरं तर बहुतेकांनी तिथेच थांबावं.

लावल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात डबा भरून होतो. या दहा मिनिटांची घाई केली की फाउंडेशन चोळताना मळ निघाल्यासारखे बारीक गोळे सुटतात, आणि दोष बिचाऱ्या फाउंडेशनला जातो. स्कूटरवरून जाणाऱ्यांसाठी आणखी एक: सनस्क्रीन ओलं असताना निघालात तर जांभ्याची तांबडी धूळ चेहऱ्यावर चिकटून बसते.

शेड पडवीत बघा

दुकानातली ट्यूबलाइट फसवते. मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही, त्यामुळे तिथे लावून बघण्यात अर्थ नाही. जबड्याच्या हाडावर तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढा, मानेपर्यंत उतरू द्या आणि पडवीत किंवा दुकानाच्या दारात उजेडाला उभ्या राहा. पंधरा मिनिटं थांबा. बरीच फाउंडेशनं तेलाशी आणि हवेशी मिळून अर्धी शेड गडद होतात. पंधरा मिनिटांनी जी रेघ दिसेनाशी होईल ती तुमची. कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतोच, पण शेड ठरवायची ती जबडा आणि मान बघून.

गुलाबी झाकेची शेड पिवळसर-हिरवट कातडीवर राखाडी पडते. डबीवर 'वॉर्म' किंवा 'ऑलिव्ह' असं काही असेल तर ते आधी लावून बघा. आणि 'एक शेड उजळ द्या' ही सवय सोडाच. उजळ शेडने कोणी गोरं दिसत नाही, चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची, आणि नाक्यावर कोणीतरी विचारतंच, "काय गो, पीठ लावन इलंस काय?"

ओघात एक सावधगिरी. रंग उजळवायला मैत्रिणीने सांगितलेली किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब लावत असाल, तर तिच्यात स्टेरॉइड आहे का ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ओळखून ठेवा. रोज लावल्याने कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतो, लव वाढते. अशा चेहऱ्यावर कुठलाच मेकअप बसत नाही. क्रीम अचानक बंद केलं तर लाली भडकते, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाच्या सांगण्यानेच सोडायचं.

फाउंडेशन: चण्याएवढं

सगळ्या चेहऱ्याला एका चण्याएवढं पुरतं. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घ्या. नाकाच्या बाजूंना आणि तोंडाभोवती आधी ठिपके द्या, तिथेच रंग असमान असतो. मग थोपटत बाहेर न्या. कानाजवळ आणि केसांच्या कडेला जवळजवळ काहीच पोहोचू नये. स्पंज ओढला की रेघा उठतात.

नाकात चमकी असेल तर तिच्याभोवती फाउंडेशन साचतं आणि दुपारपर्यंत तिथे एक मळकट वर्तुळ दिसायला लागतं. त्या नाकपुडीवर स्पंज न्यायचाच नाही. बोटावर उरलेला रंग चमकीच्या कडेपर्यंत थोपटा, मग कापूसकाडी चमकीभोवती एकदा कोरडीच फिरवा.

पावडर फक्त कपाळाचा मध्य, नाक, हनुवटी आणि डोळ्यांखाली. ब्रश घेऊन झटकण्यापेक्षा पावडरचा पफ दाबून उचला. पांढरी 'ट्रान्सल्युसंट' पावडर फ्लॅशच्या फोटोत पांढरे डाग उमटवते, म्हणून पिवळसर घ्या.

काळी वर्तुळं: आधी ओळखा, मग झाका

आरशासमोर हनुवटी वर करून चेहरा उजेडाकडे न्या. काळेपणा नाहीसा झाला तर ती खोल डोळ्यांची सावली आहे, तिथे रंग लावून फार फरक पडत नाही. तसाच राहिला तर तो त्वचेचा रंग. त्यावर नारिंगी करेक्टर (काळेपणा दबवणारं रंगीत क्रीम), प्रत्येक डोळ्याला मुगाच्या दाण्याएवढंच. गोऱ्या वर्णाला फिकट पीच, गडद सावळ्याला गडद नारिंगी. फक्त काळ्या भागावर अनामिकेने टिपा, एक मिनिट बसू द्या आणि वर त्वचेच्याच शेडचं कन्सीलर (डाग झाकणारं दाट क्रीम) टिपा. करेक्टर न लावता उजळ कन्सीलर लावलं की खालचा तपकिरी-निळा रंग त्यातून राखाडी होऊन डोकावतो. हेच करेक्टर ओठांच्या कोपऱ्यातल्या काळपटपणावरही चालतं, पण तिथे टाचणीच्या डोक्याएवढं.

काजळ

कोकणात मेकअप बिघडतो तो बहुधा इथूनच. काजळ म्हणजे मेण, तेल आणि काळा रंग. अंगाच्या उष्णतेने मेण मऊ होतं, पापणीवरचं तेल आणि सनस्क्रीन त्याला आणखी सैल करतं, आणि उघडझाप करताना वरची पापणी त्याचा ठसा घेते. चार ठिकाणी चार गोष्टी केल्या की आटोक्यात येतं.

डोळ्याखालची आणि पापणीवरची सनस्क्रीनची चिकट कोरड्या कापूसकाडीने टिपून घ्या आणि तिथे किंचित पावडर दाबा. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळात, खालच्या बाजूने, काजळ भरा. डोळा भरलेला दिसतो आणि ओघळायला जागा राहत नाही. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ लावायचंच असेल तर नाकाकडचा तिसरा भाग मोकळा सोडा. डोळ्यातलं पाणी तिथेच साचतं आणि रंग वाहून नेतं. शेवटी, केसांच्या रेषेवर ओढलेल्या काजळावर त्याच रंगाची मॅट आयशॅडो चपट्या बारीक ब्रशने दाबा. ओढू नका, टेकवा आणि उचला. पावडर तेल शोषते आणि काजळ जागचं हलत नाही. ही चौथी पायरी सगळे गाळतात आणि मग वॉटरप्रूफ काजळालाही नावं ठेवतात.

जेल काजळ अर्ध्या ते एका मिनिटात सुकतं. पसरवून धूसर करायचं असेल तर त्याआधी. नंतर चोळलं तर तुकडे पडतात.

घडी पापणीने झाकली जात असेल (वयाने पापणी उतरली की हे बहुतेकांचं होतं) तर डोळा मिटून काढलेली जाड रेघ उघडल्यावर आत गडप होते आणि वर ठसाही उमटतो. सरळ आरशात बघा, डोळे उघडे ठेवून. रेघ मध्यावर दोऱ्याएवढी, बाहेरच्या तिसऱ्या भागात थोडी जाड. टोक काढायचं ते डोळा उघडा असतानाच. आयशॅडोही घडीच्या किंचित वर, उघड्या डोळ्याला दिसेल तिथे. मस्करा रोज नको. लावलाच तर आधी पापण्या कर्लरने वळवा आणि फक्त वरच्या केसांना लावा.

एरंडेल किंवा तुपाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ हौसेला ठीक, पण त्यात तेल जास्त, म्हणून पसरतंच. बाळाच्या डोळ्यात मात्र ते घालू नये. सुट्या सुरम्यात शिसं असू शकतं. तो कोणीच वापरू नये.

भुवया, गाल, ओठ

भुवया दाट असतील तर पेन्सिल फक्त मोकळ्या जागांत, आणि तीही गडद तपकिरी. काळीने चेहरा कठोर दिसतो. गालांवर फिकट गुलाबी ब्लश सावळ्या वर्णावर खडूसारखा दिसतो. विटकरी, जर्दाळू किंवा गडद गुलाबी घ्या. क्रीम ब्लश पावडरच्या आधी. पावडरवर क्रीम घासलं की चट्टे पडतात. गोल चेहऱ्याला तो गालाच्या गोळ्यावर न लावता हाडावर, थोडा वर.

आपले ओठ बहुधा दुरंगी असतात, वरचा गडद, खालचा गुलाबीसर. फिकट न्यूड लिपस्टिकने चेहरा तापातून उठल्यासारखा दिसतो. आमसुली, विटकरी, डाळिंबी हे रंग दोन्ही ओठ एकसारखे करतात. लिपस्टिक बोटाने मध्यभागी दाबून कडेकडे न्या, टिशू टिपा, पुन्हा एक हात. ओठ फुटले असतील तर रात्री कोकमाचं मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) नखावर येईल इतकं चोळा. ते घट्ट असतं, तळहातात घासलं की वितळतं. सकाळी लिपस्टिकच्या आधी मात्र पुसून टाका, नाहीतर रंग घसरतो.

टिकलीबद्दल: काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल असतं आणि त्याने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. खाज किंवा फिकटपणा दिसला की ती टिकली बंद, गंधाने काम भागवा. झोपताना टिकली काढायची, एवढं तरी पाळा.

दुपारचं सावरणं

घामावर पावडर थापली की चिखल होतो. आधी टिशूची घडी करून कपाळ, नाक, वरचा ओठ दाबून टिपा. पुसू नका. घाम गेल्यावर अर्धा मिनिट हवा लागू द्या, मग पफ. डोळ्याखाली काजळ उतरलं असेल तर कोरड्या कापूसकाडीने उचला, पाणी लावाल तर पसरेल. पर्समध्ये टिशू, दोन कापूसकाड्या, पफ आणि लिपस्टिक एवढं पुरतं.

रात्री काढणं

कोरड्या चेहऱ्यावर अर्धा चमचा खोबरेल, एक मिनिट हलक्या हाताने. डोळे मिटून पापण्यांवरही. मग ओल्या सुती फडक्याने पुसा आणि फेसवॉशने धुवा. मुरुमं येत असतील तर खोबरेलाऐवजी मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं तयार पाणी), कारण खोबरेलाने छिद्रं बुजतात. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात, साबणाला फेस येत नाही आणि त्याचा पातळ थर कातडीवर राहून ती ओढल्यासारखी होते. तेव्हा शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

पावसाळ्यात डबे कुठे ठेवायचे

न्हाणीघरातल्या फळीवर नाही. कॉम्पॅक्टवर बुरशी आधी करड्या ठिपक्यांसारखी दिसते. वास कुबट आला की वरचा थर खरवडून वापरायचा मोह टाळा, डबी टाका. स्पंज दर दोन दिवसांनी साबणाने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा. ब्रश आठवड्याला शाम्पूने धुवा, डोकं खाली करून टांगा, नाहीतर पाणी मुळात शिरून केस गळतात. पत्र्याच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की बरंच निभतं. मे महिन्यात लिपस्टिकवर तेलाचे थेंब आले तर ती खराब झालेली नसते. टिशूने टिपा आणि फ्रीजच्या दारात ठेवा. काजळाची पेन्सिल टोकदार करण्याआधी तिथेच दहा मिनिटं ठेवली तर टोक मोडत नाही. मस्करा मात्र उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकायचा, नळी अर्धी भरलेली असली तरी.