नव्या लाकडी केबिनच्या फटी कशा बुजवाव्यात

केबिन उभी राहून दोन-तीन महिने झाले की फळ्यांमधून उजेड डोकावायला लागतो आणि हात आपोआप पुट्टीच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. बारीक भुसा सुतारी गोंदात कालवला, एकेक फट ठासून भरली, वरून पॉलिश पेपर मारला. भिंत अगदी गुळगुळीत. कोरडी हवा सुरू झाली आणि भरलेल्या भुशाच्या लांबच लांब काड्या सुटून जमिनीवर पडल्या. फटी मात्र आधीपेक्षा रुंद.

चूक भुशाची नव्हती, घाईची होती. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसायला लागतं. आकसतं ते रुंदीत आणि जाडीत. लांबीत जवळपास नाहीच. पुरतं वाळल्यावरही ते ऋतूप्रमाणे थोडं फुगतं, थोडं आटतं. म्हणून फटीत भरायचं ते लाकडाबरोबर ताणलं जाणारं हवं.

आधी थांबा. शक्यतो एक ओला आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या. ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर ठरावीक जागी दर दोन-तीन आठवड्यांनी आकडा टिपून ठेवा. तो स्थिरावला की कामाला लागा. तोवर वारा छळत असेल तर ताग किंवा लोकर कोंबून ठेवा, नंतर ओढून काढता येते.

फटी शोधा. रात्री एकाने आत टॉर्च घेऊन भिंतीलगत फिरायचं, दुसऱ्याने बाहेर अंधारात उभं राहून खडूने खुणा करायच्या. वाऱ्याच्या दिवशी उदबत्तीचा धूर जिथे वाकतो, तिथेही फट असते.

काय बुजवायचं नाही, तेही ठरवा. बाहेरच्या फळ्यांखाली पाणी निथळायला ठेवलेली जागा मोकळीच हवी. ओंडक्यांच्या केबिनमध्ये दार-खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम पोकळी सोडलेली असते, कारण ओंडके वाळतात तशी भिंत खाली बसते. तिथे घट्ट होणारा फोम मारला तर भिंतीचा भार चौकटीवर येतो आणि दार अडकतं. त्या पोकळीत मऊ लोकर भरा आणि वरची झाकणपट्टी फक्त भिंतीला ठोका, चौकटीला नको. ओंडक्यावरच्या भेगांपैकी वर तोंड असलेल्या आधी भरा, त्यांत पाणी साचतं. खाली तोंड असलेल्यांतून ते आपोआप निघून जातं.

आता भरायला घ्या. कोरड्या ब्रशने फट झाडा. कडांना तेल किंवा मेण असेल तर सीलंट, म्हणजे फट बुजवायची लवचीक पेस्ट, धरणार नाही. मग बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, आत बसवा. ती फटीपेक्षा किंचित जाड हवी: १० मिमीच्या फटीला साधारण १३ मिमीची. ढकलायला चमच्याचा दांडा उत्तम. स्क्रूड्रायव्हर नको, त्याने दोरीला भोक पडलं की आतली हवा सीलंटमध्ये बुडबुडे काढते. ही दोरी नुसतं सीलंट वाचवायला नसते. सीलंट दोन्ही बाजूंच्या कडांना चिकटावं, मागे मात्र चिकटू नये, हे तिचं खरं काम. तिन्हीकडे चिकटलेलं सीलंट ताण आला की मधोमध फाटतं.

सीलंट लाकडासाठीचं, लवचीक ॲक्रिलिक घ्या. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. थराची जाडी रुंदीच्या निम्मी: १२ मिमी फटीला ६ मिमी. नोझल तिरकं कापा आणि गन सावकाश, एका दमात ओढा. वरची साय धरायच्या आत पाण्यात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीने दाबून सारखं करा. उन्हाने तापलेल्या भिंतीवर हे काम करू नका, साय फार लवकर धरते.

बोटभर रुंद फटीत सीलंट ओतत बसण्यापेक्षा लाकडी पट्टी बरी. तीही एकाच बाजूला ठोकलेली. आतल्या फळ्यांमधल्या केसाएवढ्या रेषा मी तशाच सोडतो.

केबिनमध्ये चूल, शेगडी किंवा गॅस हीटर पेटणार असेल तर त्यासाठी बाहेरची हवा आत येणारा मार्ग वेगळा ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आजवर ती हवा याच फटींतून येत होती.

वर्षभराने पुन्हा टॉर्च घेऊन फिरा. कड सुटली असेल तिथला तेवढाच तुकडा कटरने कापून काढा आणि नव्याने भरा.