केंद्रातील शिक्षकांनी मिळून एक डिजिटल पाठ कसा घडवावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. ऑनलाइन प्रशिक्षणे पूर्ण करून हे तास भरता येतात. मात्र धारणी, अहेरी किंवा झरी जामणीसारख्या तालुक्यांतील द्विशिक्षकी शाळेत टीव्ही सुरू केल्यावर पुढे मुलांकडून नेमके काय करून घ्यायचे, हा प्रश्न प्रमाणपत्र हाती आल्यावरही बहुधा शिल्लक राहतो. त्याचे उत्तर शेजारच्या शाळांतील शिक्षकांनी एकत्र बसून, एकच पाठ घडवून, तो प्रत्यक्ष वर्गात पाहून शोधावे लागते. जपानच्या प्राथमिक शाळांत ही पद्धत शतकाहून अधिक काळ रुजलेली आहे. आपल्याकडे तिच्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, कारण केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा समूह आहे, त्याची जबाबदारी सांभाळणारे केंद्रप्रमुख आहेत आणि केंद्रातील शिक्षकांची ठरावीक काळाने होणारी बैठक, म्हणजे शिक्षण परिषदही आहे.

गट चार ते सहा शिक्षकांचा असावा आणि शक्यतो एकमेकांपासून मोटारसायकलने अर्ध्या तासात पोहोचता येईल अशा शाळांचा असावा. गटात सगळेच ‘तंत्रस्नेही’ शिक्षक घेण्याचा मोह टाळावा. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलू शकणारा शिक्षक संगणकात कच्चा असला तरी गटाला त्याची गरज सर्वांत जास्त असते. तयार व्हिडिओंतील प्रमाण मराठी पहिली-दुसरीच्या मुलांपर्यंत अनेकदा पोहोचतच नाही. अशा वेळी आवाज बंद करून चित्रावर मुलांच्या भाषेत बोलणारा शिक्षकच त्या व्हिडिओला उपयोगी करतो.

पहिल्या बैठकीत ॲपची चर्चा करू नये. मुले कुठे अडतात, येथून सुरुवात करावी आणि प्रत्येकाने आपल्या वर्गातील चुकलेल्या उत्तरांच्या चार-पाच वह्या सोबत आणाव्यात. समजा, पाचवीच्या वह्यांमध्ये १/२ + १/३ = २/५ असे उत्तर वारंवार दिसले. मूल येथे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते, म्हणजे पूर्ण संख्यांची सवय अपूर्णांकांना लावते. आणि अर्ध्यात काही मिळवूनही उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आले, हे त्याच्या लक्षात येत नाही. अडचण इतकी नेमकी सापडली की साधन निवडणे सोपे जाते.

साधन निवडताना गटाने स्वतःला एकच प्रश्न कठोरपणे विचारावा: जे कागदाच्या पट्टीने होत नाही, असे पडद्यावर काय होणार आहे? उत्तर सापडले नाही, तर कागदाची पट्टीच वापरावी आणि त्यात कमीपणा मानू नये. अपूर्णांकांच्या बाबतीत उत्तर सापडते. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीची लांबी कायम ठेवून स्लायडर (पडद्यावरचा सरकता खुंटा) सरकवला की भाग दोनाचे तीन आणि तिनाचे सहा होताना दिसतात. कागद मात्र प्रत्येक वेळी नव्याने घडी घालावा लागतो. त्यामुळे ‘आता सहा भाग केले तर अर्धा म्हणजे किती भाग होतील?’ असे विचारून, मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घेऊन मगच स्लायडर सरकवता येतो. पाठाचा सगळा जीव या थांबण्यात आहे. आधी दाखवून टाकले की मुलांना विचार करण्याचे कारणच उरत नाही. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील सिम्युलेशने, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, मोफत मिळतात, त्यांपैकी अनेक मराठीत आहेत आणि उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालतात. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमागचे साहित्यही दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये आधी उतरवून ठेवता येते. ज्या शाळेत एखादा जुना लॅपटॉप पडून आहे, तेथे कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर बसवल्यास वायफायच्या आधारे, इंटरनेट नसतानाही, वर्गातील टॅबपर्यंत साहित्य पोहोचते.

वीज आणि रेंज नाही असे गृहीत धरूनच पाठ आखावा. बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भरावी, फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती त्याच टीव्हीवर एकदा चालवून पाहावी, कारण काही टीव्ही ठरावीक प्रकारच्याच फाइल उघडतात.

वेळापत्रक हा खरा अडसर आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, आणि ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी व पाठोपाठ कापूस वेचणी सुरू झाली की उपस्थिती विस्कळीत होते. म्हणून पाठ घडवणे, पाहणे आणि सुधारणे यांचे पहिले आवर्तन जुलै-ऑगस्टमध्ये उरकणे शहाणपणाचे ठरते. पाठ पाहायला शाळा सोडून जाणे द्विशिक्षकी शाळेला परवडत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे शिक्षण परिषद ज्या शाळेत असेल, तेथील मुलांना पहिला तासभर थांबवून, केंद्रप्रमुखांच्या लेखी पूर्वपरवानगीने, पाठ तेथेच घ्यावा आणि परिषदेची सुरुवात त्यावरील चर्चेने करावी. केंद्रप्रमुखांनी त्या तासापुरते तपासणीचे काम बाजूला ठेवून एक निरीक्षक म्हणून मागे बसावे.

निरीक्षणाला शिस्त हवी. प्रत्येक निरीक्षकाने तीन मुले वाटून घ्यावीत आणि शिक्षक कसे शिकवतात हे न लिहिता ती मुले काय बोलली, कुठे थांबली, वहीत काय खोडले, कोणाचे पाहून लिहिले, एवढेच वेळेसह टिपावे. मुलांना मदत करू नये; सवयीने ओठांवर आलेले उत्तर गिळणे अनुभवी शिक्षकाला फार जड जाते, पण मुलाची अडचण दिसण्यासाठी ते आवश्यक आहे. मोबाइलवर चित्रीकरण करायचेच असेल तर पालकांची संमती आधी घ्यावी, कॅमेरा फळ्यावर आणि हातांवर ठेवावा आणि चित्रफीत तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.

चर्चेत पाठ घेणारा शिक्षक प्रथम बोलेल, इतरांनी नंतर बोलावे. ‘छान झाला’ किंवा ‘आवाज कमी होता’ या शेऱ्यांचा उपयोग नाही. ‘स्लायडर सरकण्यापूर्वी माझ्या तीनपैकी दोन मुलांनी अंदाजच लिहिला नव्हता’ या वाक्याचा आहे, कारण त्यावरून अंदाज तोंडी न विचारता आधी पाटीवर लिहून घ्यावा, असा बदल थेट सुचतो. पाठ गटाने मिळून बेतलेला असल्याने त्यातील उणीव एका व्यक्तीच्या नावावर जमा होणार नाही, हे चर्चेपूर्वीच स्पष्टपणे सांगून ठेवावे. अन्यथा दुसऱ्या वेळी पाठ घ्यायला कोणी पुढे येत नाही.

बदललेला पाठ पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या शिक्षकाने घ्यावा. त्यासाठी पाठाची नोंद एका पानात करावी: मुलांची चूक, वापरलेली फाइल आणि ती कोणत्या पेनड्राइव्हवर आहे, विचारलेले प्रश्न, मुलांची प्रत्यक्ष उत्तरे आणि केलेला बदल. ही नोंदवही केंद्रशाळेत ठेवावी, म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकालाही ती पहिल्याच आठवड्यात वाचायला देता येईल.